संडासातला पुरावा

दोन हजार वर्षं उलटली की माणसाच्या विष्ठेला वास राहत नाही, असं आत्या सांगते. खरं आहे, राहत नाही. पण समोरच्या बशीतली ती भुरी माती कधीकाळी कुणाच्या तरी पोटातून खाली आलेली आहे हे मला माहीत असतं, आणि मला नाकाला रुमाल बांधायला तेवढं पुरतं. सवय होईल, असं सगळे म्हणाले होते. कित्येक वर्षं झाली, अजून झालेली नाही.

उत्खननातली माती मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं काम. लोकांना वाटतं, उत्खनन म्हटलं की सोन्याचे हंडे, नाहीतर राजाचा मुकुट. घरी पाहुणे आले आणि त्यांनी यंदा काय सापडलं असं विचारलं, की नवरा घाईघाईनं चहाचं काढतो, कारण मला खरं उत्तर द्यायची खोड आहे. मला जंतांची अंडी सापडतात. जुन्या लोकांच्या पोटात जे होतं ते त्यांच्या संडासात उरतं. ते शोधून काढणारी आमच्या तळावर मी एकटीच, त्यामुळे माझी जागा कुणी हिसकावून घेईल अशी भीती मला कधी वाटली नाही.

तळ म्हणजे एका बंद पडलेल्या गोदामाच्या खोल्या. भिंतींना ओल, खिडक्यांना जाळ्या नाहीत, आणि जाळ्या नाहीत म्हणून जेवताना एक हात माश्या हाकलायला मोकळा ठेवायचा. खापरं धुवायचं घमेलं आणि भांडी घासायचं घमेलं वेगळं आहे, असा आचाऱ्याचा दावा होता. मी स्वतः दोन्ही घमेल्यांत एकच ब्रश पाहिला होता. चरावर देखरेख करणारा तरुण सहकारी, ज्याला सगळे लांबट म्हणायचे, आपले मोजे खिडकीच्या गजांना टांगायचा आणि वारा नेमका तिकडूनच यायचा. संडास एकच. तो गोदामाच्या मागे, चढावर, पत्र्याच्या दाराचा. दाराला कडी नव्हती, दोरी होती. ती आतून धरून बसायचं. इतक्या लोकांच्या हातांनी ती दोरी काळी आणि चिकट झाली होती, आणि मी ती कागदात धरायचे, यावरून माझी यथेच्छ टिंगल व्हायची.

टिंगल न करणारी एकटी आत्या. हे सगळं उत्खनन तिचं. तळावर तिला सगळे बाई म्हणायचे, मी आत्या म्हणायचे, कारण ती माझ्या बाबांची सख्खी मोठी बहीण. मी लहान असताना आई गेली आणि बाबांना काही सुचेना, तेव्हा आत्या आपलं सामान घेऊन आमच्याकडे आली ती कायमची. तिनं मला कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं. नखांचा ब्रश, गरम पाणी, वेगळा टॉवेल. दिवसभर मातीत लोळणारी बाई, पण तिच्या नखांत कधी रेघ दिसली नाही. माझी ही नाक मुरडायची सवय लोकांना नखरा वाटते. ती मला तिनंच लावली आहे.

आत्याचं म्हणणं असं होतं की हे गाव वसवणारी माणसं इथली नव्हेत. उत्तरेकडे, फार लांब, मोठाली थंड तळी आहेत. तिथून ती आली, आपली घरं बांधायची रीत आणि खाणंपिणं घेऊन आली. घरांचे आकार, मडक्यांचे काठ, चुलींची तोंडं असं कायकाय ती तीस वर्षं दाखवत आली होती. आणि तीस वर्षं तिच्याच तोडीचा एक माणूस उठून म्हणत आला होता की हे काही पटत नाही. त्याला आम्ही दाढी म्हणायचो. आत्याच्या पहिल्याच व्याख्यानात दाढीनं उभं राहून विचारलं होतं, की तळ्याकाठची माणसं होती तर मासे कुठे आहेत? एक काटा तरी दाखवा. सभा हसली. तेव्हापासून उत्खननवाल्यांच्या वर्तुळात आत्याचं नाव मासळीबाई पडलं. ते तिच्या कानावर येत असे आणि ती ऐकलंच नाही असं दाखवत असे.

काटा काही सापडला नाही. इथली माती आम्लधर्मी, त्यात हाडंसुद्धा विरघळतात. या हंगामानंतर परवानगी संपणार होती, चर बुजवले जाणार होते, आणि आत्याचं वय बघता तिला दुसरी जागा कुणी देणार नव्हतं. म्हणजे जे काय सापडायचं ते आता. त्यातच एका मोठ्या घराच्या अंगणात दगडांनी बांधलेला खोल खड्डा निघाला. विहीर म्हणून उकरायला घेतला आणि निघाला संडास. इतक्या आनंदानं संडासात उतरणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

आत्याचा हिशेब सोपा होता. कच्चट मासे खाणाऱ्यांच्या पोटात एक लांबलचक, फितीसारखा चपटा जंत होतो. तो माशांतूनच येतो, दुसरीकडून नाही. मासे या मातीत विरघळले असतील, पण जंतांची अंडी फार टणक असतात. ती या खड्ड्यात सापडली, की खड्डा वापरणारे मासे खाणारे होते हे ठरलं. मग दाढीनं काय बोलायचं ते बोलावं.

खड्ड्यात ती कुणाला उतरू देईना. सकाळी बाकीचे उठायच्या आत एकटी जायची, शिडीनं खाली उतरायची आणि खुरपीनं माती पातळ पातळ काढत बसायची. खरं तर तिची तब्येत चांगली नव्हती. वर्षभरापासून तिचा चेहरा मेणासारखा पांढुरका पडत चालला होता. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती, कोमट चहासुद्धा झोंबायचा. पोट सारखं बिघडायचं. पायांना मुंग्या येतात म्हणायची, मग पुढेपुढे काही जाणवतच नाही म्हणायला लागली. एकदा ती चरापासून गोदामापर्यंत एकाच पायात चप्पल घालून चालत आली आणि तिला पत्ता नव्हता. डॉक्टरकडे चल म्हटलं की एकच उत्तर, वय झालंय, त्याला डॉक्टर काय करणार.

शेवटी चक्कर येऊन ती शिडीवरून घसरली. फार लागलं नाही, पण तिला दोन दिवस खाटेवर सक्तीनं निजवलं, आणि खड्ड्यातल्या मातीचे नमुने लांबटनं घेतले. प्रत्येक कोपऱ्यातला एक. ते गोदामाला लागून असलेल्या शेडमधल्या माझ्या टेबलावर आले. मी नाकाला रुमाल बांधला, जसा नेहमी बांधते, आणि बघायला बसले.

तीन कोपऱ्यांत साधे गोल जंत, जे जगात सगळीकडे असतात. त्यांची जुनी अंडी, चुरगळलेली, फिकट, आतून रिकामी. चौथ्या, दक्षिणेकडच्या कोपऱ्याच्या काचेवर मात्र ती होती. टोपण असलेली, गुबगुबीत, माशांतून येणाऱ्या जंताचीच. एक नव्हे, दोन नव्हे, काच भरून. मी ओरडले नाही, पण खुर्ची मागे पडली आणि त्या आवाजानं आत्या खाटेवरून उठून भिंतीला धरत आली.

तिनं डोळा लावला. मग माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं त्याच संध्याकाळी दाढीला फोन केला. आठवड्यानं येतो, असं तो म्हणाला. आत्या फोन ठेवून हसली आणि त्या रात्री ती मुलासारखी गाढ झोपली.

मला मात्र चैन पडेना. त्या काचेवर गोल जंतांची अंडीही होती, सुरकुतलेली, पोकळ. आणि त्यांच्या अगदी शेजारी ही, भरलेली, टवटवीत, आतला बलक दाण्यादाण्यानं दिसणारी. एकाच मातीतली, एकाच काळातली, आणि एकांवर वय दिसावं आणि दुसऱ्यांवर दिसू नये? मी पुन्हा पुन्हा काच बदलून पाहिलं. ती जुनी नव्हती. फार तर महिन्याभरातली होती. म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी त्या खड्ड्यात जाऊन बसलं होतं.

हे कळल्यावर मी आधी बाहेर जाऊन ओकले. ज्या मातीत मी हात घातला, जी चाळली, जी फुंकर मारून काचेवर पसरली, ती कुणा ओळखीच्या माणसाची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी माझं काही देणंघेणं नसतं, त्याला मी कशीबशी सहन करते. पण हा माणूस माझ्याबरोबर जेवत होता.

आत्याला सांगितलं तर ती उसळली. चिकणमाती आहे, हवा लागलेली नाही, म्हणून टिकली असतील, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मग शेजारची का टिकली नाहीत? त्यावर ती म्हणाली, "तपास सगळ्यांना. तळावर कुणाच्याच पोटात हा जंत नसेल, तर ती अंडी जुनीच ठरतात. मग तुझं तोंड बंद होईल आणि दाढीचंही."

पुढचे दोन दिवस कसे गेले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. मी प्रत्येकाला एक डबी दिली, एक स्वतःसाठी ठेवली. लांबटनं आपली डबी बंद पिशवीत घालून, वर चराचा क्रमांक आणि थराची खूण असलेली चिठ्ठी लावून आणली आणि तोंड गंभीर ठेवून माझ्या हातात दिली. फोटो काढणारा म्हणाला, ताई, मला लाज वाटते. मी म्हटलं, मला काय वाटत असेल? आचारी सगळ्यांत जास्त दुखावला. त्याला वाटलं, संशय त्याच्यावरच आहे. तो डबी न घेता चुलीपुढे पाठ करून बसला, आणि लांबट त्याच्याकडे बघून नाक दाबायला लागला तेव्हा झाऱ्या घेऊन त्याच्या अंगावर धावून गेला. जेवायला कुणी कुणाच्या शेजारी बसेना. आत्या हे सगळं खाटेवरून बघत होती. शेवटी तिनं आचाऱ्याला बोलावून सांगितलं की हे संशोधनासाठी आहे, मनाला लावून घेऊ नको. त्यानं मान खाली घालून डबी नेली.

सगळ्या डब्या तपासून झाल्या. त्या शेडमध्ये माश्या, उकाडा आणि तो वास. दोन हजार वर्षांनी जातो म्हणतात तोच वास. मी तोंडानं श्वास घेत एकेक काच पाहिली. कुणाच्याही पोटात तो जंत नव्हता. मी आत्याला सांगायला गेले आणि तिचा चेहरा उजळला. दारातून वळता वळता माझ्या लक्षात आलं की एक डबी कमी आहे.

आत्याला म्हटलं, तुझी राहिली. ती म्हणाली, मला कशाला? मी म्हटलं, सगळ्यांची म्हणालीस ना? ती चिडली, उत्खनन माझं आहे, आता काय मलाही रांगेत उभी करणार? तिचा तो चिडलेला पांढुरका चेहरा मी बघत राहिले. पांढुरका चेहरा. गुळगुळीत लाल जीभ. न जाणवणारे पाय. हे मी कुठे वाचलं होतं? जंतांवरच्या जाडजूड ग्रंथात, याच जंताच्या प्रकरणात. हा जंत माणसाच्या आतड्यात बसून रक्ताला आणि नसांना लागणारं एक जीवनसत्त्व स्वतःच खाऊन टाकतो. आणि आदल्या वर्षी आत्या त्या तळ्यांच्या मुलखात जाऊन आली होती. जुने लोक काय खात असतील ते कळावं म्हणून तिथल्या कोळ्यांकडे राहिली होती, आणि नुसती धुरावर धरलेली कच्चट मासळी खाऊन आल्याचं आम्हाला कौतुकानं सांगितलं होतं.

मी तिच्या खाटेवर बसले आणि विचारलं, "आत्या, तू त्या खड्ड्यात बसली होतीस?"

तिनं नजर चुकवली. मग चादरीची घडी नीट करत म्हणाली, "एकदाच. घाईत शिडी चढवेना. पाय लागतच नव्हते पायरीला. चढावरचा संडास कुठे आणि मी कुठे. काय करणार होते मी?"

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस? तो बिचारा आचारी."

"मी सगळं काढलं होतं," ती ठासून म्हणाली. "कडेनं कापून, वीतभर माती जास्त घेऊन, पिशवीत भरून लांब पुरून आले. खाली जुना थर स्वच्छ लागेपर्यंत थांबले नाही. माझ्या खुरपीखालून काही सुटत नाही, हे तुला माहीत आहे."

"पोट बिघडलं होतं तेव्हा तुझं?"

तिनं चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"पातळ असेल तर ते भेगांत उतरतं, आत्या. खुरपीनं कसं निघेल?"

आयुष्यभर थर वेगळे करण्यात गेलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. मातीत वरचं वर आणि खालचं खाली राहतं यावर तिचा इतका विश्वास होता, आणि आपल्या हातावर त्याहून जास्त. आपल्या पोटात जंत असेल हा विचार तर तिच्या मनाला शिवलाच नव्हता. कोपरापर्यंत हात धुणाऱ्या बाईला जंत कसा होईल?

तिनं डबी दिली. मी शेडमध्ये गेले, काच तयार केली आणि पाहिलं. तीच. टोपण, बलक, सगळं तेच. मागून पावलांचा फरफटत येणारा आवाज आला. आत्या आली, मला बाजूला सारून तिनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"किती सुंदर आहेत गं," ती म्हणाली.

मला शिसारी आली. आतापर्यंत जिची किळस मला कधीच आली नव्हती त्या बाईची आली. तिच्या आतड्यात फितीसारखं एक जनावर वेटोळं घालून बसलंय, तिचं रक्त पाणी करतंय, आणि ती त्याच्या अंड्यांकडे नातवंडांकडे बघावं तशी बघते आहे. मी तिला ओढून स्टुलावर बसवलं आणि समजावलं. एका गोळीचं काम आहे. मग सुया घ्यायच्या, रक्त भरून येईल. पण नसांचं जे गेलं ते उशीर केला तर परत येत नाही. मी शहरातल्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं. लांबट गाडी घेऊन गेला आणि गोळी घेऊन आला. मी पाण्याचा पेला भरला. आत्यानं तो बाजूला ठेवला.

"उद्या दाढी येतो आहे," ती म्हणाली. "तो बघून जाऊ दे. मग घेते."

मला आधी अर्थच लागला नाही. तो काय बघून जाणार? आता बघायला उरलंय काय? मग लागला.

"तू त्याला ही दाखवणार? जुनी म्हणून?"

"ती माणसं मासे खातच होती. मला माहीत आहे. पुरावा विरघळला, म्हणून काय खरं खोटं होतं? त्याला एकदा हो म्हणू दे. मग माझे चर बुजले तरी चालतील आणि मीही."

"मी नाही यात."

तेव्हा ती माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "तुझी आई गेल्यावर तू दोन वर्षं अंथरूण ओलं करत होतीस. रोज सकाळी मी धुतलं. शाळेत उलटी केलीस, ओंजळीत घेतली मी. कधी नाक मुरडलं? एक दिवस गप्प बस, इतकंच म्हणते आहे."

असं काही ती याआधी कधी बोलली नव्हती. माझ्या लहानपणाची ती ओली चादर तिनं इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि आज माझ्यापुढे टाकली, याची मला अंडी बघून आली त्याहून जास्त किळस आली. मी एवढंच म्हटलं की दाढीनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. न विचारता बोलावं एवढं बळ माझ्यात नव्हतं. मी बाहेर जाऊन हात धुतले. धुतच राहिले. त्वचा लाल झाली तरी हात स्वच्छ वाटेनात.

दाढी दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी त्याला सभांमध्ये लांबूनच पाहिलं होतं. जवळून तो म्हातारा दिसला, इस्त्रीच्या शर्टातला, घाम पुसायला वेगळा आणि चष्मा पुसायला वेगळा रुमाल ठेवणारा. आत्या त्याला खड्ड्याकडे घेऊन निघाली. एरवी ती चरांमधून वाऱ्यासारखी जायची. आज ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी बघत चालत होती. दाढीनं ते पाहिलं. खड्डा त्यानं वरूनच बघितला, फारसं विचारलं नाही. मग आम्ही शेडमध्ये आलो.

तो मायक्रोस्कोपपुढे बसला. सवयीचा हात होता त्याचा. काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, आणि एका जागी थांबला. मला ती जागा माहीत होती. सुरकुतलेली आणि टवटवीत, शेजारी शेजारी. त्यानं डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला सगळं कळलं होतं. मी खाली बघितलं, कारण तोंड उघडलं असतं तर नक्की काय बाहेर आलं असतं ते मला सांगता येत नव्हतं.

त्यानं मला काही विचारलं नाही. तो आत्याकडे वळला, तिच्या चेहऱ्याकडे, स्टुलाला घट्ट धरलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "अभिनंदन, बाई. तुमचं बरोबर होतं. मी तसं लिहीन."

तीस वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. तिनं विचारलं, "फार ताजी नाही वाटत?"

"चिकणमातीत राहतात अशी," दाढी म्हणाला.

"कुठे राहिली आहेत? एक जागा सांगा."

"बसा बाई. तुम्ही थकला आहात. जरा पाणी घ्या."

इतकं मऊ, इतकं गोड तो बोलला की माझ्याच अंगावर पाल पडल्यासारखं झालं. आत्या उभी राहिली. टेबलाला धरून, पण उभी राहिली.

"माझ्या एकेका खापराला नावं ठेवलीत तुम्ही," ती म्हणाली. "भर सभेत लोकांना माझ्यावर हसवलंत. माझा प्रत्येक लेख फाडलात. एवढासा काठ इकडचा तिकडे झाला तर सोडलं नाहीत मला. आणि आज ही घाण डोळ्यांनी बघून बरोबर आहे म्हणता? मी मेले का तुमच्या लेखी?"

दाढीनं चष्मा काढला. तो पुसायचा रुमाल खिशातून निघाला, पण पुसायचं राहून गेलं. बाहेर आचारी भांडी आपटत होता, तेवढाच आवाज.

"ताजी आहेत," तो शेवटी म्हणाला. "महिन्याभरातली. इथल्याच कुणाची तरी आहेत."

"माझी आहेत," आत्या म्हणाली. "माझ्या पोटातली."

त्याचा हात अजून काचेवर होता. तो त्यानं झटकन मागे घेतला आणि एकेक बोट रुमालाला पुसलं. त्याला ते थांबवता आलं नाही. आत्या बघत होती.

"पुसा," ती म्हणाली. "मीही पुसलं असतं. आता बोला. ती माणसं तळ्याकडून आली होती का?"

"नाही," दाढी म्हणाला. त्याचा आवाज सभेतला झाला होता, कोरडा, नेहमीचा. "तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर तुमच्या हातात काहीच नाही. घरांचे आकार कुठेही तसे असतात. तुमचं चुकलं आहे, बाई. पहिल्यापासून चुकलं आहे."

आत्या स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलं नाही. वाहू दिलं.

"हं," ती म्हणाली. "असं बोलत जा."

मग तिनं माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, तळवा वर करून. मी खिशातून गोळी काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिला ते कळलं नाही. हात तसाच उघडा राहिला, वाट बघत. मी म्हटलं, आत्या, ठेवली आहे. तिनं खाली वाकून पाहिलं, गोळी दिसली, आणि मग तिनं मूठ मिटली.